मेल्यावर उरतं काय?

बहुतेक व्हिडिओ गेममध्ये मरण स्वस्त असतं. दरीत पडलात किंवा राक्षसाने चिरडलं, तर दोन सेकंदांत पुन्हा मघाच्याच दारापाशी उभे, हातात तीच तलवार आणि समोर तोच राक्षस. रोगलाइक म्हणून ओळखलं जाणारं खेळांचं घराणं या बाबतीत कडक आहे. इथे मेलात की जमवलेलं सोनं, शस्त्रं, जादू सगळं गेलं. पुन्हा सुरुवात पहिल्या खोलीपासून, आणि तोवर किल्लाही बदललेला: दारं दुसरीकडे, भुयारं नवी, पहारेकरी वेगळ्याच कोपऱ्यात.

हे ऐकून कुणालाही वाटेल की असले खेळ चार हट्टी लोक सोडून कोण खेळणार? प्रत्यक्षात 1980 पासून आजपर्यंत हे घराणं वाढतच गेलं आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत लहान स्टुडिओंनी केलेल्या सर्वाधिक गाजलेल्या खेळांपैकी कितीतरी याच कुळातले आहेत. त्यांची वर्गवारी अनेक परींनी करता येते. मला त्यातला एकच निकष खरा उपयोगी वाटतो. मेल्यावर खेळाडूच्या हाती काय उरतं? या प्रश्नाला प्रत्येक पिढीने वेगळं उत्तर दिलं. त्या उत्तरांचा हा आढावा, मुख्यतः किल्ले, तलवारी आणि चेटूक यांच्या मध्ययुगी कल्पनाविश्वात घडणाऱ्या अॅक्शन खेळांच्या अंगाने.

अक्षरांचं तळघर

या खेळांचा पाया संगणकाच्या बाहेर, कागदावर पडला. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. एक जण सूत्रधार, बाकीचे योद्धे नाहीतर जादूगार, आणि मध्ये फासे. 1979 मध्ये या खेळाच्या सूत्रधारासाठी जे पुस्तक निघालं, त्यात फासे टाकून तळघर तयार करण्याचे तक्ते होते: बोळ कुठे वळेल, खोली केवढी, आत कोण दबा धरून बसलं आहे. माणसाने फासे टाकून जे करायचं, ते यंत्र जास्त वेगाने करू शकतं, हे कुणाच्या तरी लक्षात येणारच होतं.

ते आलं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतल्या मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांच्या. तेव्हाच्या शब्दांवर चालणाऱ्या साहसखेळांची अडचण अशी होती की एकदा कोडं सुटलं की खेळ संपला, आणि स्वतः बनवणाऱ्याला तर त्यात काहीच गंमत उरत नसे. करणाऱ्यालाही चकित करेल असा खेळ त्यांना हवा होता. 1980 मध्ये त्यांनी 'रोग' केला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवण्याची सोय केन आर्नल्डच्या 'कर्सेस' या तयार आज्ञांच्या संग्रहामुळे झाली, आणि पुढे आर्नल्ड स्वतःच या खेळाच्या कामात उतरला. बर्कलीच्या बीएसडी युनिक्स या संगणक प्रणालीबरोबर 'रोग' विद्यापीठाविद्यापीठांत पोचला.

चित्र नावाला नाही. खेळाडू म्हणजे @ हे चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरं. प्रत्येक मजल्यावर तीन गुणिले तीन अशा मांडणीत जास्तीत जास्त नऊ खोल्या. सव्वीस मजले खाली उतरायचं, येंडोरचा ताईत उचलायचा आणि जिवंत वर यायचं. वाटेत सापडणाऱ्या रंगीत पेयांचे गुण दर डावाला बदलतात. काल जे निळं पेय जखम भरून काढत होतं, तेच आज आंधळं करतं. खेळ अर्धवट जपून ठेवता येतो, पण पुन्हा उघडला की ती नोंद पुसली जाते, म्हणजे मरणातून पळवाट नाही.

मग उरतं काय? नकाशा उरत नाही, सोनं उरत नाही, पेयांची ओळखही उरत नाही. उरतात ते नियम. एक उदाहरण पुरेसं आहे. या तळघरात 'अॅक्वेटर' नावाचा एक प्राणी असतो, पडद्यावर ए हे अक्षर. तो फारसा घायाळ करत नाही, पण त्याचा फटका बसला की चिलखत गंजतं. नवखा खेळाडू अंगावर उत्तम लोखंड चढवून त्याच्याशी भिडतो आणि चार फटक्यांत चिलखताची माती करून घेतो. मुरलेला खेळाडू ए दिसताच थांबतो, चिलखत उतरवून पोतडीत टाकतो आणि उघड्या अंगाने लढतो. हे कुठल्याही पायरीवर बक्षीस म्हणून मिळत नाही. आधीच्या कुठल्यातरी डावात चिलखत गमावलेलं असतं म्हणून ते येतं.

कार्नेगी मेलन विद्यापीठात 'रोग' खेळण्यासाठी 'रोगोमॅटिक' नावाची एक प्रणाली 1981 च्या सुमारास लिहायला घेतली गेली. खेळाचं ज्ञान नियमांत मांडता येतं का, हा तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न होता. या पिढीचं मर्मच ते होतं. 1983 चा 'मोरिया', 1987 चा 'नेटहॅक', 1990 मध्ये वॉरिक विद्यापीठात सुरू झालेला 'अँगबँड' हे सगळे याच वाटेने गेले. 'मोरिया' आणि 'अँगबँड' ही नावं तर थेट कादंबरीकार टॉल्किनच्या कल्पित भूगोलातली.

मध्ययुगी वेषच का, याचं उत्तर निम्मं परंपरेत आहे आणि निम्मं सोयीत. किल्ला आणि तळघर यांना भिंती असतात, दारं असतात, खोल्यांची संख्या मोजता येते. मोकळं मैदान किंवा शहर यंत्राला तितकं सहज रचता येत नाही. तलवारीला शत्रूच्या जवळ जावं लागतं, म्हणजे धोका आपोआप आला. आणि जादू असली की लेखकाला कुठलाही नियम कुठेही मोडायची मुभा मिळते.

घड्याळ सुरू झालं

जुने रोगलाइक पाळीपाळीने चालतात. तुम्ही एक पाऊल टाकलं की राक्षस एक पाऊल टाकणार. तुम्ही चहा करून आलात तरी तो तिथेच उभा. अॅक्शन खेळाने ही सवलत काढून घेतली, आणि त्यातला निर्णायक टप्पा म्हणजे 1996 च्या अखेरीस आलेला 'डायब्लो'. डेव्हिड ब्रेव्हिक हा 'मोरिया' आणि 'अँगबँड'चा चाहता. त्याचा 'डायब्लो' सुरुवातीला पाळीपाळीचाच होता. प्रकाशक ब्लिझार्डकडून तो चालत्या घड्याळावर आणावा असा आग्रह झाला, ब्रेव्हिकने आधी विरोध केला, आणि मग एका दुपारी बसून बदल करून पाहिला. पडद्यावरच्या सांगाड्यावर माऊस दाबला, योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला. वाद तिथेच मिटला, असं ब्रेव्हिकनेच नंतर जाहीर व्याख्यानात सांगितलं आहे.

'डायब्लो'ने ट्रिस्ट्रम गावाच्या चर्चखालचे सोळा मजले दर खेळाला नव्याने रचले. शस्त्रांची अफाट लॉटरी आणली. पण एकट्याने खेळताना हवं तेव्हा खेळ जपून ठेवायची मुभा दिल्यामुळे मरणाचा दात काढून टाकला. तो दात परत हवा असणाऱ्यांसाठी 2000 च्या 'डायब्लो 2' मध्ये 'हार्डकोअर' पद्धत आली: एकदा मेलं की ते पात्र संपलं. म्हणजे घराण्यात वाटणी झाली. रचना बदलत राहण्याचा गुण 'डायब्लो'कडे गेला, आणि कायमच्या मरणाचा गुण जुन्या मंडळींकडे राहिला.

त्या मंडळींनी 2008 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत या कुळाची लक्षणं लिहून काढली. त्यात यादृच्छिक रचना आणि कायमचं मरण यांच्याबरोबर पाळीपाळीची चाल आणि चौकटींचा पट हीही लक्षणं महत्त्वाची मानली होती. त्या हिशेबाने आजचे बहुतेक अॅक्शन रोगलाइक नापास ठरतात. योगायोग असा की त्याच वर्षी डेरेक यू याने 'स्पेलंकी' मोफत वाटायला काढला, आणि उड्या मारत खेळायच्या खेळातही कायमचं मरण चपखल बसतं हे दाखवून दिलं. यादी कागदावर राहिली, खेळ पुढे गेला.

पाळीची चाल गेल्यामुळे काय गमावलं, हे मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवं. 'नेटहॅक'चा खेळाडू मरणाच्या दारात उभा राहून पोतडीतली प्रत्येक वस्तू काढून पाहतो आणि त्यातून वाट शोधतो. त्या विचाराला अॅक्शन खेळात जागा नाही. तिथे विचार आधी करायचा असतो आणि मोक्याच्या क्षणी हातानेच तो आठवायचा असतो. ज्ञान डोक्यातून मनगटात उतरतं, एवढाच फरक. पण ज्याची बोटं तेवढी चपळ नाहीत त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे, आणि त्याकडे पुढे यायचंच आहे.

वारशाचा हिशेब

मेल्यावर ज्ञानाखेरीज काही मागे ठेवावं, ही कल्पना नवी नाही. 1993 मध्ये जपानच्या चुनसॉफ्टने 'ड्रॅगन क्वेस्ट'मधल्या तोर्नेको या व्यापाऱ्याला नायक करून एक रोगलाइक काढला. तोर्नेको दर वेळी पहिल्या पायरीपासून तळघरात उतरतो, पण त्याने बाहेर आणलेल्या कमाईतून त्याचं दुकान वाढत जातं. पुढे फोफावलेल्या सगळ्या पद्धतीचं बीज यात आहे.

तिला खरा आकार दिला तो 2013 च्या 'रोग लेगसी'ने. टोरंटोच्या सेलर डोअर गेम्सचा हा खेळ. एका शापित किल्ल्यात योद्धा शिरतो आणि मरतो. मग त्याच्या तीन वारसांपैकी एक निवडायचा आणि पुन्हा किल्ल्यात पाठवायचा. प्रत्येक वारसाला काहीतरी जन्मजात असतं. रंगांधळा वारस घेतला की अख्खा पडदा काळा-पांढरा होतो. एकाला लांबचं धूसर दिसतं. एकाला भोवळ आहे, म्हणून किल्ला उलटा टांगलेला दिसतो. पण प्रत्येक व्यंग तोट्याचंच असतं असं नाही: ज्याच्या पायातलं रक्ताभिसरण मंद आहे, त्याच्या पावलाची चाहूल जमिनीतल्या खिळ्यांना लागत नाही, आणि तो सापळ्यांवरून खुशाल चालत जातो. विनोद आणि खेळाची रचना इतकी एकजीव झालेली क्वचित दिसते.

मेलेल्याने जमवलेलं सोनं वारसाला मिळतं. त्यातून वाड्याचा विस्तार करायचा: एका दालनाने ताकद वाढते, दुसऱ्याने आयुष्य, तिसऱ्याने नवा पेशा खुला होतो. प्रत्येक खरेदीबरोबर बाकीच्यांचे भाव चढतात. आणि किल्ल्याच्या वेशीवर कॅरन नावाचा वसुली करणारा उभा असतो. उरलेलं सोनं तो काढून घेतो, त्यामुळे साठवून ठेवण्याची सोय नाही. आधीचाच किल्ला पुन्हा हवा असेल तर वास्तुकार तो गोठवून देतो, पण मग त्या फेरीतल्या सोन्यावर 40 टक्के पाणी सोडावं लागतं.

हा हिशेब फार चतुर आहे. वाईट खेळलात तरी काही नाणी पदरात पडतात, कुठलीच फेरी पूर्ण वाया जात नाही. याच गुणाने हजारो नवे लोक या घराण्यात आले. पण याचं एक देणंही आहे. विसाव्या पिढीच्या वारसाने शेवटी बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, पाडला, तेव्हा तो आपल्या हाताने पडला की पूर्वजांच्या पैशाने, हे सांगता येत नाही. आकडे इतके वाढलेले असतात की चुका पचतात. सोनं गोळा करायला मुद्दाम सोप्या खोल्या फिरणं, ज्याला खेळाडू 'ग्राइंड' म्हणतात, ते इथे फायद्याचं ठरतं. आणि जिथे कंटाळवाणं काम फायद्याचं ठरतं, तिथे रचनेत काहीतरी चुकलेलं असतं. 2022 मध्ये पूर्ण झालेल्या 'रोग लेगसी 2' मध्ये पेशांची विविधता आणि हालचालींची मजा खूप वाढली, पण आकड्यांचं हे ओझं काही उतरलं नाही.

पेशींची किंमत

या पेचावरचं आजवरचं सर्वांत विचारपूर्वक दिलेलं उत्तर मला 'डेड सेल्स'मध्ये दिसतं. तो बनवला फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या मोशन ट्विन या स्टुडिओने. ही कामगारांची सहकारी संस्था, सगळ्यांना समान पगार. मे 2017 मध्ये अपूर्णावस्थेत विक्रीला आलेला हा खेळ ऑगस्ट 2018 मध्ये पूर्ण झाला. पुढची वाढ इव्हिल एम्पायर या भगिनी स्टुडिओने सांभाळली. 2023 मध्ये 'कॅसलव्हेनिया' या जुन्या जपानी मालिकेबरोबरची जोडपुरवणी आली. डेड सेल्सच्या बुरुजांवर आणि झुंबरांवर या मालिकेची छाप पहिल्यापासून होतीच. त्याच वर्षी विक्री एक कोटी प्रतींपलीकडे गेल्याचं जाहीर झालं.

रोगराईने सडलेल्या बेटावरचा तुरुंग. डोकं नसलेला कैदी उठतो. हातात गंजलेली तलवार, आणि पुढे निवड: नवशिक्याचं धनुष्य घ्यायचं की लाकडी ढाल. शत्रू वार करण्याआधी त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं. हा या खेळाचा करार आहे: सूचना न देता कुणी मारणार नाही. ढालवाल्यावर समोरून कितीही तलवार चालवा, उपयोग शून्य. लोळण घेऊन त्याच्या अंगातून पलीकडे गेलात की त्याची पाठ उघडी पडते. बाँब फेकणाऱ्याला भिंत आड येत नाही, म्हणून खोलीत शिरण्याआधी तो कुठे आहे हे हेरून पहिला त्यालाच गाठायचा. सुरुवातीला हे तिघे एकत्र आले की हात-पाय गळतात. पुढे हीच खोली चार सेकंदांत साफ होते, आणि त्या चार सेकंदांत तुमच्या तलवारीचा आकडा एकानेही वाढलेला नसतो.

फटका बसला की आयुष्याच्या पट्टीचा काही भाग लगेच पुसला जात नाही, नारिंगी होऊन थोडा वेळ रेंगाळतो. तेवढ्यात उलट वार केलेत तर तो परत मिळतो. म्हणजे घाबरून मागे हटणाऱ्याचं नुकसान, भिडणाऱ्याचा फायदा. ठराविक वेळेत पोचलात तरच उघडणारे दरवाजे आहेत, त्यामुळे प्रत्येक कोपरा हुंगत बसायचं की धावायचं हा हिशेब सतत चालू राहतो.

मेल्यावर काय उरतं? शत्रू पाडून मिळणाऱ्या पेशी, ज्यांच्या बदल्यात नवी शस्त्रं आणि सोयी कायमच्या खुल्या होतात. पण त्या टप्प्याअखेरीस बसलेल्या संग्राहकापर्यंत पोचवाव्या लागतात. वाटेत मेलात तर खिशातल्या सगळ्या गेल्या. हा नियम साधा आहे, पण दर टप्प्याच्या शेवटच्या दोन खोल्यांत तळहाताला घाम फोडतो. महत्त्वाचं हे की पेशींनी मुख्यतः पर्याय वाढतात, ताकद कमी. आणि खेळ एकदा जिंकलात की हाती येतो 'बॉस सेल', जो पुढचा खेळ अवघड करतो: शत्रू तिखट, औषध भरून घेण्याची ठिकाणं कमी. अशा पाच पायऱ्या. कमाई वाढते तशी परीक्षाही वाढते, म्हणून आकडे कधी कौशल्याच्या पुढे पळत नाहीत.

दोष नाही असं नाही. शस्त्रं शेकड्यावर गेली आणि त्यातली बरीच सुमार आहेत. जितकी जास्त खुली कराल तितका हवं ते हत्यार समोर येण्याचा संभव घटतो. म्हणजे बक्षीसच कधीकधी शिक्षा ठरतं. जाणते खेळाडू म्हणूनच काही शस्त्रं मुद्दाम खुली करत नाहीत.

नशीब किती, कसब किती

यादृच्छिक म्हणजे वाटेल तसं, हा समज पहिल्यांदा दूर करायला हवा. 'स्पेलंकी'चा प्रत्येक मजला चार गुणिले चार खोल्यांचा असतो. यंत्र आधी वरून खालपर्यंतची एक हमखास वाट आखतं, मग त्या वाटेवरच्या खोल्या हाताने काढलेल्या साच्यांतून निवडून भरतं. 'डेड सेल्स'मध्येही खोल्या माणसांनी आखलेल्या आहेत. प्रत्येक प्रदेशाचा आराखडा ठरलेला असतो: वाट किती लांब, फाटे किती, खजिना कुठल्या अंतरावर. यंत्र फक्त जुळणी करतं. म्हणूनच तुरुंग दर वेळी नवा असून तुरुंगच वाटतो.

या कलेत सर्वांत पुढे गेलेला माझ्या मते 2017 चा 'अनएक्सप्लोअर्ड'. डच रचनाकार योरिस डॉर्मन्स याने तळघर झाडासारखं फांद्याफांद्यांचं न करता वर्तुळांचं केलं. एका वाटेने गेलात तर कुलूप, दुसऱ्या वाटेने वळसा घालून किल्ली, आणि परतताना नवाच आडमार्ग. पाठ फिरवून आलेल्याच रस्त्याने मैलभर चालण्याचा जुना जाच त्यामुळे संपला. या तळघराच्या तळाशी ठेवला आहे तो येंडोरचाच ताईत.

मेंढीकोट खेळणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पानं कशी येतात हे आपल्या हातात नसतं, ती कुठल्या क्रमाने उतरवायची हे असतं, आणि बरीच वर्षं खेळलेल्याच्या हाती पडलेली वाईट पानंही नवख्याच्या चांगल्या पानांना पुरून उरतात. रोगलाइकची कसोटी अगदी तीच आहे. एखाद्या खेळात निष्णात माणूस दहातले आठ डाव जिंकत असेल आणि नवखा एकही नाही, तर तो खेळ कसबाचा. निष्णातही दोनच जिंकत असेल, तर फासे जड झाले आहेत.

फासे मुद्दाम जड करणारेही आहेत. लुका गलांटे याचा 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' 2021 मध्ये अगदी किरकोळ किमतीत आला, 2022 मध्ये पूर्ण झाला आणि 2023 मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार घेऊन गेला. यात वार करण्याचं बटणच नाही. नायक आपोआप मारत राहतो, तुम्ही फक्त वाट काढायची आणि तीस मिनिटं तग धरायचा. पेटी उघडताना दिव्यांचा आणि नाण्यांचा जो थाट होतो, तो कुठून आला हे गलांटेने लपवलेलं नाही: तो आधी जुगाराच्या खेळांच्या उद्योगात काम करत होता. या खेळात पैसे मागितले जात नाहीत, म्हणून हा थाट निरुपद्रवी करमणूक राहतो. पण फोनवरच्या कित्येक मोफत खेळांनी नेमकी हीच युक्ती उचलली आणि मरणाच्या क्षणावर दुकान थाटलं. जाहिरात बघा आणि जिवंत व्हा. रत्नं विकत घ्या आणि पुढे चला. 1980 मध्ये मरण हा धडा होता. इथे तो गल्ला झाला.

अवघडपणा कुणासाठी?

मरण हेच कथेचं इंधन करता येतं, हे दाखवलं 2020 मध्ये पूर्ण झालेल्या सुपरजायंटच्या 'हेडीस'ने. त्याचं जग ग्रीक पुराणाचं आहे, मध्ययुगी नाही, पण त्याला वगळून हा आढावा पुरा होत नाही. नायक पाताळातून पळू पाहतो, मरतो आणि घरी परततो, आणि घरचे लोक तो कुणाच्या हातून मेला यावर दर वेळी वेगळं बोलतात. मरावंसं वाटावं, इतकी ती गोष्ट चांगली आहे. 2021 मध्ये विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत व्हिडिओ गेमचा विशेष पुरस्कार त्याला मिळाला.

'हेडीस'ने आणखी एक दार उघडलं. त्यातली 'गॉड मोड' ही सोय सुरू केली की फटक्यांची तीव्रता 20 टक्क्यांनी घटते, आणि प्रत्येक मरणाबरोबर आणखी 2 टक्के सूट मिळत जाते, कमाल 80 पर्यंत. खेळ संपूर्ण तोच राहतो, फक्त खेळाडूला आपली पातळी सापडते. 'डेड सेल्स'नेही 2022 मध्ये अशा सवलती दिल्या: शत्रूची ताकद कमी करता येते, सापळे मंद करता येतात, मरणही सौम्य करता येतं. 'रोग लेगसी 2' मध्येही तशी सोय आहे. यावर जुन्या खेळाडूंची कुरकुर असते की असं केलं तर उरलं काय. ही कुरकुर मला पटत नाही. चाळिशीनंतर ज्यांच्या बोटांचा वेग मंदावला, ज्यांच्या हाताला दुखणं आहे, त्यांनी ढालवाल्याच्या पाठीमागे जाण्याची युक्ती शिकूच नये का? सवलतीने शिकणं पुसलं जात नाही, शिकायला वेळ मिळतो. आकड्यांच्या विकत मिळणाऱ्या ताकदीपेक्षा ही उघड सवलत कितीतरी प्रामाणिक आहे.

उलट टोकाला 30 मे 2025 रोजी आलेला फ्रॉम सॉफ्टवेअरचा 'एल्डन रिंग नाइटरेन'. तीन योद्ध्यांनी मिळून एका विराण प्रदेशात उतरायचं. आकसत जाणाऱ्या वर्तुळात दोन दिवस लूट करायची, दर रात्री एक बॉस, आणि तिसऱ्या दिवशी रात्रीच्या आठ अधिपतींपैकी एकाशी गाठ. हरल्यावर उरतात ती काही स्मृतिचिन्हं, जी पुढच्या फेरीत थोडा हातभार लावतात. मोठ्या स्टुडिओने मध्ययुगी दंतकथेचा आपला सगळा ऐवज या साच्यात ओतला, ही या प्रकाराला मिळालेली मोठीच मान्यता. पण ओळखीचे दोन सोबती आणि सलग पाऊण तासाची फुरसत नसेल तर त्यातली निम्मी मजा हाती लागत नाही. दोघांनी खेळायची सोयसुद्धा मागाहून आली.

आपल्याकडे

भारतीय स्टुडिओंनी या वाटेवर पाऊल ठेवलेलं आहे. हैदराबादच्या ओगरहेड स्टुडिओचा 'असुरा' 2017 मध्ये आला, भारतीय पुराणांतल्या असुरांवर बेतलेला रोगलाइक मारधाडीचा खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 2020 चा 'राजी' रोगलाइक नाही, पण राजस्थानी वास्तू आणि लघुचित्रांच्या धाटणीत अॅक्शन खेळ इथे घडवता येतो, हे त्याने जगाला दाखवलं. किल्ल्याची रचना हाच ज्या खेळाचा जीव, त्यासाठी दख्खनात सामग्री कमी नाही. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी, शत्रूला काळोखात वळणं घ्यायला लावून गोंधळवणारा तो बोगदा, हे प्रत्यक्ष मध्ययुगाने बांधलेलं भुयार आहे. गॉथिक बुरुजांच्या नकला करण्यापेक्षा आपल्या रचनाकारांनी एकदा तिथे दिवा घेऊन जावं.

नव्याने खेळू पाहणाऱ्याला महाग यंत्राची गरज नाही. 'डेड सेल्स' आयफोनवर 2019 पासून आणि अँड्रॉइडवर 2020 पासून आहे, एकदा पैसे भरले की मध्ये जाहिराती नाहीत. पैसे न घालता चव बघायची असेल तर 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' अँड्रॉइडवर मोफत आणि जाहिरातींविना मिळतो. तो पाळीपाळीचा आहे, लोकलमध्ये उभं राहून एका हाताने खेळता येतो, आणि जुन्या 'रोग'ची सगळी शिस्त त्यात आहे.

शेवटी निवाडा. ज्ञान, पैसा, गोष्ट आणि दुकान ही मरणानंतरची चार उत्तरं आपण पाहिली. दुकानाचं उत्तर सरळ टाळावं. पैशाचं उत्तर प्रवेशापुरतं ठीक, पण त्यावरच थांबणारा खेळ तिसऱ्या आठवड्यात मजुरी होतो. गोष्टीचं उत्तर सुंदर आहे, मात्र गोष्ट कधीतरी संपते. ज्ञानाचं उत्तर सर्वांत जुनं आहे आणि आजही सर्वांत टिकाऊ तेच आहे. 'डेड सेल्स' या यादीत वर ठेवला तो एवढ्याचसाठी की त्याने बाकीच्यांकडून थोडं थोडं घेतलं, पण जिंकण्याचं श्रेय खेळाडूच्या हातांकडेच ठेवलं. एकच खेळ घ्यायचा असेल तर तो घ्या, सवलती लागल्या तर बिनदिक्कत लावा, आणि प्रत्येक मरणानंतर पुन्हा सुरू करण्याआधी एवढंच स्वतःला विचारा: मी कशाने मेलो?